ख, ज, ह

कार्डावर पहिली ओळ शेंडे सरांनी शाईनं लिहिलेली:
‘स्पेनमधील एक लहान ऐतिहासिक नगर. नदीखोऱ्यात. लोकसंख्या ४,१२०.’
नावाची जागा कोरी.

नाव इंग्रजी जे-नं सुरू व्हायचं.
सर म्हणाले, तिकडं त्याचा ख होतो, घशातला.
उंब्रजकर म्हणाले, नकाशात ज छापलाय, ज ठेवा.
तिसरे, दर बुधवारी पुण्याहून एस.टी.नं वाईला येणारे,
बशीतला चहा फुंकत म्हणाले, ह. अगदी हलका ह.
मी टंकलेखक. मला कुणी विचारलं नाही.
माझ्या यंत्रावर अर्धा ख तसाही अडकायचा.

कोशाला घाई नसते, पण खंडाला असते.
ख-चा खंड बांधणीला गेला
आणि चार हजार एकशे वीस माणसं, एक पूल, एक विटांचा मनोरा
माझ्या खणात राहिली, टाचणीखाली.

दुपारी डबा घेऊन मी गणपती आळीच्या घाटावर जायची.
वरून धोमचं पाणी सोडलं
की बसल्या पायरीवरून उठावं लागायचं.
एकदा सर शेजारी येऊन उभे राहिले.
देवळाची मागची भिंत दाखवली, माशासारखी निमुळती,
पूर अंगावर आला की त्याला मधोमध फाडणारी.
‘त्यांच्या पुलाच्या खांबांनाही असंच नाक आहे, मालन.’
पाहिलंत?
‘पान दोनशे बारा.’
सातारा ओलांडून सर एकदाच गेले होते,
मिरजेला, मोतीबिंदू काढायला.

वकिलातीला पत्र गेलं. चौदा महिन्यांनी उत्तर आलं:
उच्चार ख आणि ह यांच्या मधला आहे, आपला विश्वासू.
मधला!
वर्णमालेत त्या दोघांच्या मध्ये
अख्खा महाराष्ट्र मावतो.
ज तर केव्हाच छापून झाला होता.

मग ह-ची वाट. वर्षं गेली. माझं लग्न, दोन बाळंतपणं,
यंत्राची फीत निळ्याची काळी झाली.
नोंद मी अकरा वेळा टंकली, दर वेळी आखूड.
‘तिन्ही धर्मांचे लोक एका विहिरीचे पाणी पीत’
हे वाक्य आठव्या खेपेला गेलं. समासात लाल पेन्सिल: आधार?
जैतुनाच्या बागा दहाव्या खेपेला गेल्या.
पूल राहिला. मनोरा राहिला, विशेषण सोडून.

अकराव्या खेपेला
कार्यालयात कुणी नव्हतं, पंखा बंद होता,
आणि माझ्या बोटांनी आपणहून एक ओळ घातली:
‘नदीस सात घाट असून स्त्रिया तेथे धुणी धुतात.’
दिवसभर पोटात गोळा.
ज्या माणसानं स्वल्पविरामालाही पुरावा मागितला असता
त्यानं ते वाचलं, चष्मा वर केला,
खिडकीतून नदीकडं बघितलं.
समासात काढली एक बारीक बरोबरची खूण.

ह-च्या खंडात जागा उरली नाही.
हिऱ्यांना नऊ पानं लागली, हृदयाला चौदा.

सर गंगापुरीत, पुतण्याकडं, शेवटचे सहा महिने पडून होते.
मी संत्री घेऊन गेले. दात वाटीत काढून ठेवलेले.
माझं नाव त्यांना लागेना, एकदा सुशीला, एकदा वहिनी.
निघताना मात्र हाताशी धरून काही बोलले,
बोळक्यातून नुसता वारा आला,
ख नाही, ज नाही, ह म्हणावा तर तोही पुरा नाही,
आणि मला कळलं की हेच ते,
तिकडचा बाजारात निघालेला माणूस
गावाचं नाव असंच घेत असणार.

कार्ड घरी होतं, पिठाच्या डब्यामागं.
पर्समध्ये पेन होतं, ते चालेना.
पुलावर येईपर्यंत मी ते नाव तोंडात धरून ठेवलं,
मग समोरून दुधाची गाडी आली,
तिला वाट दिली,
आणि